खाजतं, दुखतं की काहीच होत नाही? खानदेशातल्या ओपीडीतले त्वचेचे संसर्ग

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा दवाखान्यात घामोळ्या येतात. त्वचेच्या संसर्गाची खरी गर्दी मात्र मृगाच्या सरींनंतर. निंदणीला गेलेल्या बायांचे पाय दिवसभर चिखलात, रावेर-यावलच्या केळीबागांत कायमचा ओलावा, आणि धुतलेले कपडे वाळेनात म्हणून तसेच दमट अंगावर चढवलेले. हा लेख आहे नुकतेच प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झालेल्या किंवा तालुक्याला दवाखाना टाकलेल्या तरुण डॉक्टरांसाठी. इतरांनी वाचायला हरकत नाही, पण यातले डोस वाचून स्वतःच गोळ्या सुरू करू नयेत.

आधी पिशवी, मग चट्टा

आपल्याकडे त्वचेचा पेशंट रिकाम्या हाताने क्वचितच येतो. पिशवीत आधीच्या चिठ्ठ्या असतात आणि तळाशी पिळून चपटी झालेली एक ट्यूब असते. चट्टा बघण्याआधी ती मागा. "हाई ट्यूब कोनी दिधी?" असं अहिराणीत विचारलं की उत्तर मोकळेपणाने मिळतं: मेडिकलवाल्याने, शेजारच्या आप्पांनी, किंवा मागच्या वर्षी सुरतहून आलेल्या भाच्याने.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. सोबत बुरशीचं आणि जिवाणूंचं औषध मिसळलेलं असतं, म्हणून पेशंटला ते 'तिन्हींवर चालणारं' वाटतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी निवांत पसरत राहते. मग ट्यूब बंद केली की दुप्पट उसळी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती मिळायला नकोत. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही-मी रोज बघतोच.

मलमाशिवाय काय लावलं तेही विचारा. गंधक-खोबरेल बरं म्हणायचं. पण बिब्बा लावलेला असेल तर समोर दिसणारा लालभडक, पाणी सुटलेला भाग मूळ रोगाचा नसून उतलेल्या बिब्ब्याचा असू शकतो. मूळ काय होतं ते तो शांत झाल्यावरच कळेल.

त्यानंतरचे प्रश्न ठरलेले. किती दिवस झाले? रात्री वाढतं का? घरात आणखी कोणाला आहे? साखर आहे का? बाई गरोदर आहे का? चालू गोळ्या कोणत्या? नंदुरबारकडे काम करत असाल तर सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) कार्डही मागा. भिल्ल-पावरा कुटुंबांत तो आजार बऱ्यापैकी आहे, आणि घोट्यावरची बरी न होणारी जखम कधीकधी संसर्गाची नसून सिकलसेलची असते.

मग दार लोटून, नर्सताईंना उभं करून, चांगल्या उजेडात कपडे बाजूला करून बघा. लुगड्याच्या किंवा बाहीच्या कडेवरून डोकावून निदान होत नाही. दाखवलेला चट्टा हाताचा असला तरी कंबर, जांघ, पायाच्या बोटांच्या बेचक्या आणि नखं बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहू नका.

आणि शीर्षकातला प्रश्न विचारा. ओपीडीच्या गर्दीत एवढ्यावर निम्मं काम होतं.

खाजतं: गजकर्ण

गोल किंवा वेडावाकडा चट्टा, कड उंचावलेली, खवलेदार, लाल. मधला भाग त्यामानाने साफ. कंबर, जांघ, कुल्ले, बायकांत स्तनांखाली. एवढं दिसलं की निदान सोपं. स्टिरॉइड लावून आलेल्याची मात्र कड पुसलेली असते, वर्तुळात वर्तुळ दिसतं, मध्येच पुळ्या येतात आणि जांघेत कायमच्या चिरा पडलेल्या असतात. हाच आज नेहमीचा पेशंट आहे.

शंका असेल तिथे खरवडून बघा. चट्ट्याच्या मध्यातून नव्हे, कडेवरून, ब्लेडच्या बोथट बाजूने खवले काढा, काचेवर १० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाका, कव्हर स्लिप ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. सूक्ष्मदर्शकात फांद्या फुटलेले, मधे आडवे पडदे असलेले धागे दिसले की झालं. आरोग्य केंद्रात मलेरियाच्या काचा बघायला सूक्ष्मदर्शक असतोच. लॅब टेक्निशियनशी दोस्ती ठेवा.

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातलं गजकर्ण बदललं. जुन्या पुस्तकातले दोन आठवडे आता पुरत नाहीत. आपल्याकडे सध्या जोर आहे तो ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचा. हे नाव तिला २०२० मध्ये मिळालं. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याच्या जनुकात बदल करून तिच्यातल्या कितीतरी प्रकारांनी ते औषध निकामी केलं आहे. म्हणून "टर्बिनाफिन दिलं, फरक नाही" या तक्रारीत दर वेळी पेशंटचा हलगर्जीपणा शोधू नका.

एक-दोनच चट्टे, पहिल्यांदाच झालेले, स्टिरॉइड न लावलेले असतील तर नुसतं मलम चालेल. ल्युलिकोनॅझोल १ टक्का दिवसातून एकदा, किंवा सर्टाकोनॅझोल, सायक्लोपिरॉक्स दोनदा. चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटं निरोगी कातडीवरही लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे. ट्यूब १० ग्रॅमची लिहून दिली तर कंबरभर पसरलेल्याला ती चार दिवस पुरत नाही. अंगावरचं क्षेत्र बघून ग्रॅम लिहा.

पसरलेलं, परतलेलं किंवा स्टिरॉइडने बिघडलेलं असेल तर पोटातून औषध लागतं. इट्राकोनॅझोल रोज २०० मिग्रॅ, किमान चार ते सहा आठवडे. जुन्या केसमध्ये आठ आठवड्यांहून जास्त. थांबायचं ते तारीख बघून नाही, कातडी बघून. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. इथे एक सवय नडते: प्रत्येक चिठ्ठीत हात आपोआप गॅसची गोळी लिहितो. पँटोप्राझोलने पोटातलं आम्ल कमी होतं आणि इट्राकोनॅझोल नीट शोषलं जात नाही. महिनाभराचे पैसे पाण्यात. हृदय कमजोर असलेल्याला आणि गरोदर बाईला ही कॅप्सूल द्यायची नाही. सिमवास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत नाही. इतर चालू गोळ्याही एकदा ताडून बघा. कोर्स महिन्याच्या पुढे जाणार असेल तर यकृताची तपासणी करून घ्या. गरोदर बाईला मलमावर भागवा.

स्टिरॉइड बंद केल्यावर पहिला आठवडा खाज भडकते. हे आधीच सांगून ठेवा आणि रात्री खाजेची गोळी सेटिरिझिन द्या, नाहीतर पेशंट चौथ्या दिवशी जुन्या ट्यूबकडे वळतो.

आता औषधाइतकाच महत्त्वाचा भाग, तो घरचा. करगोटा आधी काढायला लावा. कमरेच्या गजकर्णात तो घामाने भिजलेला दोरा दिवसरात्र कातडीला घासत असतो. "आबा, बरं झाल्यावर नवा बांधा" म्हटलं की बहुतेक ऐकतात. काहींसाठी तो श्रद्धेचा विषय असतो, तिथे निदान रोज नवा, कोरडा असं ठरवून घ्या. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात, आणि पावसाळ्यात वाळत नसतील तर इस्त्री फिरवून. जीन्स घालून शेतात जाणाऱ्या पोरांना सैल सुती पॅन्टचं सांगा. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्याला त्याच दिवशी बोलावून उपचार. एकट्या नवऱ्याला बरं करून पाठवलं तर तो दिवाळीपर्यंत परत येतो.

पोराच्या डोक्यावर खवले आणि केस तुटून पडलेलं टक्कल दिसलं तर मलम देऊ नका. ते केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. ग्रिसिओफल्विन किलोमागे १५ ते २० मिग्रॅ रोज, दुधासोबत किंवा जेवणानंतर, सहा ते आठ आठवडे.

पायाच्या बोटांतल्या चिखल्या किरकोळ वाटतात, पण त्या भेगेतून जिवाणू आत शिरून पाय सुजतो. क्लोट्रिमॅझोल आणि बेचक्या कोरड्या ठेवणं पुरतं. काखेत-जांघेत ओली लाल कातडी आणि भोवताली सुट्या बारीक पुळ्या असतील तर ते गजकर्ण नसून कॅन्डिडा ही वेगळी बुरशी आहे. क्लोट्रिमॅझोल तिथेही चालतं, पण साखर तपासा.

खाजतं: खरूज

ज्याची खाज रात्री झोप मोडते आणि ज्याच्या घरात दुसरंही कोणी खाजवतं, त्याला खरूज आहे असं धरूनच तपासायला लागा. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, बेंबीभोवती, कमरेची रेघ, पुरुषाच्या जननेंद्रियावरच्या गाठी. जननेंद्रियावरची खाजरी गाठ दिसली की निदान जवळजवळ पक्कं, पण कपडे न काढता बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. तान्ह्या बाळात तळहात, तळपाय, चेहरा, डोकंही.

पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच "त्याला काहीच नाही" असं सांगितलेल्या घरच्या माणसालाही औषध द्यायचं. सगळ्यांना, एकाच रात्री. आजी, सासू, शिकायला बाहेर असलेला आणि शनिवारी येणारा मुलगा, सगळे धरून.

पर्मेथ्रिन ५ टक्के मलम लावायची पद्धत तोंडी सांगून भागत नाही, करून दाखवा. संध्याकाळी आंघोळ, अंग पूर्ण कोरडं आणि थंड झालेलं. मग मानेपासून तळपायापर्यंत, एकही जागा न सोडता: बेचक्या, बेंबी, नखांच्या खाली, कुल्ल्यांची फट, जननेंद्रिय. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम लागतं. रात्रभर, आठ ते बारा तास ठेवायचं. मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं. सकाळी आंघोळ. सात ते चौदा दिवसांनी पुन्हा एकदा हेच. दोन महिन्यांवरच्या बाळाला चालतं, आणि त्याला डोळे-तोंड सोडून डोक्यालाही लावायचं. गरोदर बाईला पर्मेथ्रिन चालतं.

दहा जणांच्या घराला इतक्या ट्यूब परवडत नाहीत, तिथे आयव्हरमेक्टिन. किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिग्रॅ, आणि एक-दोन आठवड्यांनी दुसरा डोस. दुसरा डोस चुकला की कोर्स फुकट, कारण पहिल्याने खरजेच्या किड्याची अंडी मरत नाहीत. १५ किलोखालच्या मुलाला आणि गरोदर बाईला देऊ नये.

किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तगत नाही. त्या रात्रीच्या गोधड्या, चादरी गरम पाण्यात धुवा. गोधडी धुणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या गोणीत घट्ट बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवली तरी चालते. घरभर फवारणी नको.

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. हे न सांगितल्यामुळे पेशंट रोज मलम चोळत बसतो आणि कातडी सोलवटून घेतो. सेटिरिझिन आणि साधं खोबरेल पुरे.

आश्रमशाळेत एका पोराला खरूज निघाली की वसतिगृहातल्या सगळ्या पोरांना, स्वयंपाकीण मावशींना आणि अधीक्षकांनाही त्याच रात्री औषध. यादी करून, हजेरी घेत. सातपुड्यातली ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीला घरी परततात. पाड्यावर सगळे सापडण्याचा तो एक आठवडा असतो. दुसरा डोस आशाताईंकडे नावानिशी देऊन ठेवा, कारण माणसं पुन्हा पांगतात.

दुखतं, पू आहे

पोराच्या नाकाखाली, हनुवटीवर मधाच्या रंगाच्या खपल्या दिसल्या तर ते इम्पेटिगो. कोमट पाण्याच्या कापडाने खपली भिजवून काढायची, मग म्युपिरोसिन २ टक्के दिवसातून तीनदा, पाच दिवस. खपलीवरच मलम थापलं तर खाली काही पोचत नाही. बऱ्याच जागी पसरलं असेल तर सेफॅलेक्सिन, किलोमागे रोज २५ ते ५० मिग्रॅ, तीन-चार भागांत, पाच ते सात दिवस. पुवाळलेल्या पुळ्या बोटांच्या बेचक्यांत असतील तर खाली खरूज आहेच. ती सोडून नुसतं प्रतिजैविक देऊ नका. आईला सांगून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत पोराचं तोंड सुजलं किंवा लघवी चहासारखी झाली तर लगेच आणायचं. कातडीतल्या स्ट्रेप्टोकोकसनंतर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

एक गोष्ट ठामपणे. त्वचेच्या पुवाळीला सेफिक्झिम लिहू नका. पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूवर त्याचा जोर जवळजवळ नाही, तरी ते सर्रास लिहिलं जातं. नुसतं अमॉक्सिसिलिनही नाही.

केसतोड, गळू, काखमांजरी यांत पू पिकला की चीर देऊन काढायचा. औषधाने पू विरत नाही. मऊ झालेली जागा, लिग्नोकेनची भूल, पुरेशी लांब चीर, आतले कप्पे बोटाने मोकळे, गॉज. लहान गळू नीट रिकामं झालं, भोवती लाली नाही, ताप नाही, तर प्रतिजैविकाशिवायही भागतं. ताप, पसरती लाली किंवा मधुमेह असेल तर द्या. वारंवार होत असेल तर पू कल्चरला पाठवा. मानेच्या मागे अनेक तोंडांचं, चाळणीसारखं गळू घेऊन चाळिशीपुढचा माणूस आला तर चीर देण्याआधी बोटातून साखर बघा. नाक आणि वरच्या ओठाजवळची पुळी पिळायची नाही, पिळू द्यायची नाही.

पायाला काटा, कपाशीची पऱ्हाटी, विळा लागला, आणि दोन दिवसांत पाय लाल, गरम, तुकतुकीत: सेल्युलायटिस. कड उंच आणि ठसठशीत असेल तर धावरं. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि तारीख-वेळ कातडीवरच लिहा. दुसऱ्या दिवशी वाद उरत नाही. सेफॅलेक्सिन ५०० मिग्रॅ चार वेळा किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ६२५ तीन वेळा, पाच दिवस. उतार नसेल तर वाढवा. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. शेतात जाणं बंद. टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन झालंय का बघा. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर सेल्युलायटिसची शक्यता फार कमी, शिरांचा किंवा सुजेचा विचार करा.

दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त, जांभळे-काळे डाग, रक्ताळ फोड, दाबल्यावर कातडीखाली हवा कुरकुरणं, रक्तदाब खाली, माणूस गुंगीत: यातलं एकही असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून देऊन १०८ बोलवा. हा मांसपेशींपर्यंत जाणारा संसर्ग आहे, त्याला तासाभरात शस्त्रक्रियेचं टेबल लागतं. मधुमेह्याचा काळवंडलेला पायही याच रांगेत.

"डॉक्टर, एक सुई मारा ना" ही मागणी रोजची. डेक्साची (डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची) सुई मारली तर पेशंट खूश होऊन जातो, आणि बुरशी किंवा पू चार पावलं पुढे. सुई हवीच असेल तर टीडीची द्या, तिचा उपयोग तरी आहे.

दुखतं, फोड आहेत

अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यात, घोळक्याने पाणीदार फोड आणि त्याआधी दोन-तीन दिवस जळजळ: नागीण. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती गावोगाव आहे. फोड मध्यरेषेपाशी थांबतात, हे बोटाने दाखवलं की चेहरा सैल होतो. मंत्र उतरवणाऱ्याकडे जायचं असेल तर जाऊ द्या, पण गोळ्या आज सुरू. फोड आल्यापासून ७२ तासांत ॲसायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, सात दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीन वेळा. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी. नवे फोड येतच असतील तर ७२ तासांनंतरही द्या. म्हाताऱ्या माणसाला ठणका राहतो. रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅपासून सुरू करा. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळा धोक्यात आहे, नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी. तरुण माणूस किंवा दोन-तीन पट्ट्यांत नागीण असेल तर समुपदेशन करून एचआयव्ही तपासा.

पावसाळ्यात एक नक्कल फसवते. रात्री ट्यूबलाइटभोवती येणारा काळा-नारिंगी बारीक किडा अंगावर चिरडला की सकाळी जळल्यासारखी लाल रेघ उठते, मधे पुळ्या. मान, चेहरा, कोपराच्या घडीत समोरासमोर दोन जुळे डाग. आधीची कळ नाही, पट्टा नाही. साबणाने धुणं आणि चार-पाच दिवस सौम्य स्टिरॉइड. हो, इथे स्टिरॉइडच लागतं. ॲसायक्लोव्हिरचे पैसे वाचवा.

काहीच होत नाही

छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी बारीक ठिपके, नखाने ओढल्यावर भुसा सुटतो: शिबं. किटोकोनॅझोल २ टक्के शांपू ओल्या अंगाला पाच मिनिटं लावून धुवायचा, तीन-पाच दिवस. रंग परत यायला महिने लागतात, तेवढं सांगा.

पण फिकट किंवा तांबूस चट्टा, ना खाज, ना भुसा, त्यावर घाम नाही, केस विरळ: इथे हात थांबवा. कापसाचं टोक करून आधी निरोगी कातडीवर, मग चट्ट्यावर टेकवा. पेशंटचे डोळे मिटलेले, कळलं की बोटाने जागा दाखवायची. चट्ट्यावर कळत नसेल तर कुष्ठरोग. कोपरामागची, गुडघ्याबाहेरची नस चाचपून बघा, जाड किंवा दुखरी आहे का. अशा चट्ट्यावर कोणी वर्षभर गजकर्णाचं मलम लिहीत राहिलं, तर तेवढ्यात बोटं वाकडी होतात. सरकारी केंद्रात एमडीटी (कुष्ठरोगाची एकत्र अनेक औषधं) फुकट मिळते: पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील किंवा एकाहून अधिक नसा धरल्या असतील तर बारा. सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन बघा, कारण त्यातलं डॅप्सोन रक्त कमी करतं. जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर जास्तच. घरातल्या सगळ्यांचे कपडे काढून तपासणी करा. ज्यांना चट्टा नाही त्यांना रिफाम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातूनच मिळतो; त्याआधी खोकला-ताप विचारून क्षयरोग नाही याची खात्री करून घ्या.